सभागृहातले सागाचे ठोकळे

आमच्या शाळेच्या जुन्या सभागृहाची लाकडी जमीन उखडली, तेव्हा व्यवस्थापनातली माणसं घरात लग्न असल्यासारखी मिरवत होती. वीतभर लांबीचे सागाचे ठोकळे काढून तिथं सोनेरी रेघांच्या चकचकीत टाईल्स बसल्या.

"कशा वाटतात, मॅडम?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मिठाईच्या दुकानासारख्या."

त्यांना ती स्तुती वाटली.

ठोकळ्यांचा ढीग भंगारवाला उचलत होता. "बेन, आ तो बाळवानुं लाकडुं छे," तो म्हणाला. म्हणजे चुलीत घालायच्या लायकीचं. मी जळणाच्या भावानंच ते घेतलं आणि त्याचाच टेम्पो सरळ घरी आणला. सिल्वासातल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीतली लादी त्या उन्हाळ्यात फुगून निघाली होती आणि खालचा कोबा उघडा पडला होता.

"अगं, मिस्तरीला बोलवू," नवरा म्हणाला. ते सरकारी कचेरीत आहेत. कुठलंही काम दुसऱ्याकडे कसं पाठवावं, हे त्यांना उत्तम येतं.

"मीच बसवणार."

त्यावर ते इतके हसले, की माझा विचार पक्का झाला.

प्रत्येक ठोकळ्याच्या पाठीला जुनं डांबर चिकटलेलं. दुपारी ते वितळून पटाशीला लागायचं, म्हणून मी पहाटे उठून गॅलरीत खरवडत बसायची. गारव्यात त्याचे टवके उडायचे. समोरच्या वहिनी दूध घ्यायला जाताना थांबून म्हणायच्या, "शिक्षकांना बरा वेळ मिळतो सुट्टीत." त्यांचा स्वतःचा सगळा वेळ मला बघण्यात जायचा, तो वेगळाच. नवरा मोबाईलवर व्हिडिओ लावून सोफ्यावरून सूचना द्यायचा, "तो माणूस हातोडी अशी धरत नाही बघ."

कडेचे ठोकळे कापून घ्यायला एका सुताराला बोलावलं. मूळचा नंदुरबारकडचा, किलवणीजवळच्या कारखान्यात खोकी बनवायचा. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "ताई, भिंतीपाशी बोटभर जागा सोडा. पावसाळामा लाकूड फुगस."

मला भिंतीपाशी फट दिसायला नको होती. शिवाय चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणाऱ्या बाईला खोकी बनवणारा काय शिकवणार? मी ठोकळे भिंतीला घट्ट भिडवले. पॉलिश झाल्यावर जमीन इतकी देखणी दिसली, की मी दोन दिवस कुणाला चपला घालून आत येऊ दिलं नाही.

जुलैत एका दुपारी खोलीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. जाऊन बघते तर जमीन मधोमध म्हशीच्या पाठीसारखी उचललेली. नवऱ्याचा चेहरा असा खुलला, जसा आमच्या लग्नातही खुलला नव्हता. फोटो काढून त्यांनी लगेच घरच्या ग्रुपवर टाकले.

मी सुताराच्या खोलीवर गेले. "भाऊ, चुकलं माझं," म्हटलं. वर्गात हे वाक्य मी रोज दुसऱ्यांकडून वदवून घेते. स्वतः पहिल्यांदाच म्हटलं. तो "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही. आला, माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसला आणि आम्ही चारी भिंतींकडेच्या रांगा काढून कापल्या. त्या कामात पटाशी माझ्या अंगठ्यात घुसली. आठवड्याभरात उंचवटा आपोआप खाली बसला. दाराजवळ एक ठोकळा अजून डुगडुगतो.

दिवाळीत ठाण्याहून नणंद आली. खोलीत पाय ठेवताच म्हणाली, "अय्या, दादा, केवढी सुंदर जमीन!"

"आम्हीच बसवली," नवरा म्हणाला.

"त्यातली कुठली रांग तुम्ही बसवलीत?" मी विचारलं.

"देखरेख कोणाची होती?" ते म्हणाले, आणि नणंदेला सागाच्या जाती समजावू लागले.