पानिपताहून परत

मटार सोलायला घेतले की शेंगांचा तो कोवळा, हिरवा वास येतो आणि मी मनानं दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात जाऊन बसते. थंडीतली दुपार होती. सासूबाई उन्हाकडे पाठ करून मटार सोलत होत्या आणि मी त्यांना माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवत होते. पानिपतावर फौजेबरोबर कितीतरी बायका आल्या होत्या. त्यांतल्याच एका शिपायाच्या बायकोची ती गोष्ट. लढाईनंतर ती उत्तरेतच कुठेतरी हरवते, असा शेवट मी केला होता.

सासूबाईंचे हात थांबले. "हरवते म्हणजे? घरी नाही जात?"

"आई, अशा बायकांचं पुढे काय झालं, ते कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"मग तू लिही ना. पोचव तिला."

मला हसू आलं. लग्न होऊन रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई केव्हाच दिल्लीच्या झाल्या होत्या. भाजीवाल्याशी फडाफडा हिंदीत भांडायच्या. माहेरचं नाव त्यांच्या तोंडी क्वचितच यायचं.

तरी मी शेवट बदलला आणि पुन्हा त्यांच्यासमोर बसून वाचला. ती बाई नर्मदा ओलांडते, मजल दरमजल करत आपल्या गावाच्या वेशीशी येऊन उभी राहते. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "आता तिला तिथं कुणी ओळखेल का गं?"

"ओळखतील ना, आई," मी म्हटलं.

त्या माझ्या नायिकेबद्दलच विचारताहेत, असं तेव्हा मला वाटलं होतं.