लंकाबाईच्या होडीचं पाल

घोटीच्या वरच्या अंगाला आमच्या धरणाचा फुगवटा आहे. त्या पाण्यात आमच्या गावची लंकाबाई शिडाची होडी चालवते. वय साठीच्या पुढं, नऊवारीचा कासोटा घट्ट, आणि तोंड असं की पाणकोंबड्या उडून जातात. ती हौसेनं होडीत बसत नाही, रागानं बसते. माझी शाळा मारुतीच्या देवळात, तीही सातवीपर्यंत. पण एवढं सांगतो, रागावर चाललेली होडी मी ही एकच पाहिली. तिची गोष्ट सांगायला बसलो की माझा चहा निवून जातो.

राग कुणावर? सख्ख्या दिरावर. सावळीराम त्याचं नाव. लंकाबाईचा नवरा बुधा गेला आणि वर्ष सरायच्या आत सावळीरामानं बांधावर तारेचं कुंपण ओढलं. लंकाबाईचं वावर एकच, तेही पाण्याच्या पलीकडे, आणि तिकडं पायी जायची वाट सावळीरामाच्या रानातून. बुधा होता तोवर वाट कुणाची हे कुणी विचारलं नव्हतं.

"भाऊजी, मी माझ्या रानात जाऊ कशी?" तिनं तारेपाशी उभं राहून विचारलं.

"मला विकून टाका, वहिनी. म्हंजी जावंच नाय लागणार."

"आन् नाय विकलं तर?"

"मग पवत जा की."

त्याचा बेत उघड होता. वावर पडीक पडलं की बाई कंटाळेल आणि जमीन त्याच्या घशात जाईल. बाईला पोहता येत नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं.

आता होडी कुठून आली ते ऐका. काठावर एक पर्यटकांचा कॅम्प चालायचा, तो बंद पडला. मालक जाताना फायबरची एक लहान शिडाची होडी उकिरड्याशेजारी पालथी टाकून गेला. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. त्याच होडीतून एकदा एक पाहुणा चष्म्यासकट पाण्यात पडला आणि वर येऊन आधी चष्मा कुठंय म्हणून बायकोवरच ओरडला होता. पण ते राहू द्या. लंकाबाईनं ती होडी कॅम्पच्या जुन्या माणसाकडून मागून आणली. आणताना बोटाच्या पेरांनी तिला जागोजागी वाजवून पाहिलं, बाजारात माठ घेताना वाजवतात तसं. आवाज खणखणीत आला तिथं ठीक, बद्द आला तिथं फायबरच्या पोटात पाणी मुरलेलं. बुडाला दोन जागी बद्द वाजलं.

ते काम नियाजकडे गेलं. नियाज मालेगावचा, घर कापडाच्या मागवाल्यांचं, पण हा घोटीच्या बाजारात ताडपत्र्या शिवतो आणि फायबरच्या टाक्यांना ठिगळं लावतो. त्यानं मऊ पडलेला भाग खरवडून काढला, उन्हात होडी कडकडीत वाळवली, मग कापडी मॅट आणि केमिकलचे थर दिले. शीडही त्यानंच शिवायचं ठरलं, आणि पहिल्याच दिवशी दोघांची जुंपली.

"मौसी, पाल किती मोठं पायजे?"

"पाल? भिंतीवर हायेत तेवढ्या बास झाल्या!"

"अरे, छिपकली नाही मौसी. पाल! हवेचं कापड."

"मग शीड म्हण की. आमच्यात पाल म्हंजी बाजारात ठोकतात तो तंबू, नायतर भिंतीवरची."

"तुम्ही शीड म्हणा, मी पाल म्हणतो. कापड तेवढंच लागतंय."

नियाजचं म्हणणं, दोन शिडं लावू; पुढं एक लहान, मागं एक मोठं, आणि डोलकाठी उंच. होडी वाऱ्यासारखी जाईल. लंकाबाई उसळली.

"मला काय शर्यत लावायचीय? आमचा वारा डोंगरावरून अंगावर कोसळतो. उंच काठीला दोन शिडं लावून मला बुडवतोस का? भाऊजींनी काय खाऊ घातलं तुला?"

"तोबा! एकच लावतो. पण मग हळू जाल."

"हळू जाईन, पण पोचेन."

एकच शीड झालं, बुटक्या काठीवर, निळ्या ताडपत्रीचं. कॅम्पचा जुना माणूस तिला दोन गोष्टी शिकवून गेला होता. होडीच्या मधल्या खाचेतून फळी खाली सोडायची, नाहीतर वारा होडीला आडवी सरकवतो. आणि शिडाची दोरी कधी होडीला बांधायची नाही, हातातच धरायची; झोत आला की सोडून द्यायची, शीड फडफडतं आणि होडी सावरते. दुसरी गोष्ट तिनं अशी पाळली की तिच्या तळहाताला दोरीचा घट्टा पडला. त्याबद्दलही ती सावळीरामालाच शिव्या देते.

देखभालीची तिची तऱ्हा मात्र खास आमच्या गावची. आमच्याकडे अमावास्येला औत धरत नाहीत, बैलाला सुट्टी. लंकाबाईनं ठरवलं, होडीलाही अमावास्येला सुट्टी. त्या दिवशी ती पाण्याबाहेर ओढायची, पालथी घालायची, काथ्यानं शेवाळ घासायचं, बूच काढून आतलं पाणी निथळू द्यायचं, आणि पुन्हा सगळीकडून वाजवून पाहायचं. पोळ्याला तर तिनं होडीच्या नाकाला गेरू फासला. सावळीराम पारावर म्हणाला, "वैनीनं होडीचा बैल केला. आता शिंगं बसवा म्हणावं." निरोप पोचला. उलट निरोप आला, "शिंगं भाऊजींच्या डोक्यावर उगवलीत, तीच काढून बसवते."

असं करत तिनं दोन हंगाम पलीकडचं वावर पिकवलं. सावळीरामाला काही सुधरेना. तो रोज पाण्याकडे बघायचा. निळं शीड पलीकडे दिसलं की बाई रानात, नाही दिसलं की बाई घरी, हे त्याचं घड्याळ.

तिसऱ्या साली हरभरा असा आला की बघत राहावं. रानडुकरांचा त्रास म्हणून लंकाबाईनं वावराच्या खालच्या टोकाला, निरगुडीच्या आडोशाला, राखणीचं पाल ठोकलं होतं. घाटे भरले, उपटणी तोंडावर आली, आणि महाशिवरात्र आली. दुसऱ्या दिवशी अमावास्या.

शिवरात्रीला नियाज काठावर आला. शिडाची कड उसवली होती. सावळीराम तिथंच गुरांना पाणी पाजत होता, पाठ करून, पण कान इकडे. नियाज मोठ्यानंच बोलतो.

"मौसी, उद्या अमावस. पाल काढून नेतो, दोन दिवसांनी लावून देतो."

"ने बाबा. उद्या काय काम हाय त्याचं!"

झालं. सावळीरामानं ऐकलं ते आपल्या भाषेत: राखणीचं पाल निघालं, वावराला कुणी नाही.

नियाज शीड गुंडाळून घोटीला गेला. लंकाबाई मला म्हणाली, "नाना, चला माझ्यासंगं. होडी पालथी घालायला एक माणूस लागतंय, आन् मला हरभऱ्याजवळ ऱ्हायचंय." शीड नव्हतं, ती वल्ही मारत गेली. अख्ख्या पाण्यावर मी तिच्या खांद्याचं दुखणं आणि सावळीरामाचं खानदान, दोन्ही ऐकलं. पलीकडे होडी ओढली, पालथी घातली आणि पालात जाऊन बसलो.

अमावास्येला सकाळी मी निवांत घाटे सोलत होतो, तेवढ्यात वरच्या बांधावरून घंटा वाजली. बघतो तर तारेचा एक खांब आडवा, आणि सावळीरामाची सगळी गुरं हरभऱ्यात. मागं स्वतः सावळीराम, काठी हातात, गुरांना आत हाकत.

लंकाबाई पालातून बाहेर आली. मला वाटलं ओरडेल. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "या भाऊजी! हरभरा खायला आलात? बसा, भाजून देते."

सावळीरामाच्या हातातली काठी गळाली. "तुम्ही? इथं? पाल तर काढलं ना!"

"कुणी सांगितलं?"

"त्या नियाजनंच! मी माझ्या कानानं ऐकलं, अमावास्येला पाल काढून नेतो म्हणून!"

"म्हंजी राखण नाय हे बघून गुरं घातली."

सावळीराम काठी उचलायला वाकला. मी खोकलो. त्याला तेव्हा कळलं की पालात आणखी कुणी आहे.

"चुकून सुटली गुरं, वैनी."

"आन् काठी? ती बी चुकून सुटली का गोठ्यातून?"

तिनं वेळ घालवला नाही. पालात काढून ठेवलेली शिडाची दोरी आणली, पुढच्या खिल्लारी बैलाच्या शिंगाला घातली आणि दुसरं टोक निरगुडीच्या खोडाला आवळलं. बाकीची गुरं त्यांच्याच दाव्यांनी एकेक करून बांधली. सावळीराम पुढं झाला तर वल्हं उगारलं.

"एक पाऊल टाकलंत तर ही गुरं कोंडवाड्यात जातील. आन् नाना सगळ्या गावाला सांगतील तुम्ही काय बोललात ते. नानांना सांगायला लय आवडतं."

"नाना, तू सांग की हिला," सावळीराम माझ्याकडे वळला.

मी म्हटलं, "मी काय सांगू? मला तर नियाजनं पाल कुठलं काढलं तेच कळायला वेळ लागला. शीड नेलं रे त्यानं, शीड! मालेगावात शिडाला पाल म्हणतात."

त्याचं तोंड बघायला हवं होतं. दोन हंगाम तो त्या शिडावर नजर ठेवून होता, आणि त्याचं दुसरं नाव त्याला माहीत नव्हतं.

आधी तार काढा, मग गुरं न्या, असं बाईनं बजावलं, आणि दुपारपर्यंत तार निघाली. त्यानंच काढली, एकट्यानं, हात ओरबाडून घेत; लंकाबाई समोर बसून कुठला खांब राहिला ते दाखवत होती. खांब निघतील तशी ती एकेक जनावर सोडत गेली. पुढच्या आठवड्यात तिचा हरभरा टेम्पोतून त्याच वाटेनं घरी आला. सावळीराम बांधावर उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. वावर तिचं राहिलं, विकायचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता वाट मोकळी आहे, तरी बाई होडीनंच जाते. मी म्हटलं, पायी जायचं सोडून हे कशाला? तर म्हणते, "नाना, त्याच्या बांधावरून चालताना तोंड आवरावं लागतं. पाण्यावर मला शिव्या मोकळ्या देता येतात."