कच्ची ओक्बुन

कोरियातल्या सोमजिन नदीकाठच्या त्या गावात ओक्बुनला सगळे 'कच्ची ओक्बुन' म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, ती गोष्ट वेगळी.

ती नवी सून असताना थोरल्या मुलाच्या जन्माचा शंभरावा दिवस आला. गावभर वाटायचा पांढरा त्तोक तिने चुलीवर चढवला. तळाला भोकं असलेल्या मडक्यात तांदळाचं ओलसर पीठ, खाली उकळत्या पाण्याचं भांडं, आणि वाफ निसटू नये म्हणून दोघांच्या सांध्याला कणकेची वळी. झाकण काढलं तर आत भुसभुशीत कच्चं पीठ! असा अर्धवट राहिलेला त्तोक मग कितीही वाफवा, शिजत नाही. सासूने कपाळ बडवलं. शेजारची मालसुन, जिच्या त्तोकचं तोवर गावात फार कौतुक, हळहळत म्हणाली, "हातच अपशकुनी, दुसरं काय!"

ओक्बुनने वळी सोलून पाहिली. भिंतीकडच्या बाजूला ती अंगठ्याने उकरलेली होती आणि कडेला दुभंगलेल्या नखाची खूण होती. तसलं नख गावात एकट्या मालसुनचं. पण नव्या सुनेचं ऐकतो कोण? तिने राग किमचीसारखा मडक्यात घालून पुरला. तो छान आंबत राहिला. मधल्या काळात तिने त्तोक असा काही साधला, की गावात तिची बरोबरी करणारं कुणी उरलं नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता मालसुनच्या नातवाचा शंभरावा दिवस उजाडणार होता. मालसुनचं मनगट मोडलेलं आणि सून शहरातली, भातसुद्धा बटण दाबून शिजवणारी. शेवटी मालसुन गोड आवाज काढून आली.

"ओक्बुन, नातवासाठी एवढं कर गं बाई."

"करते की, अक्का. पण चूल तुमचीच हवी. आणि आळीतल्या सगळ्या बायकांना बोलवा. मजा येईल."

बायका जमल्या. ओक्बुनने मडकं चढवलं, वळी लावली आणि भिंतीकडे बोटभर जागा मोकळी सोडली. पाण्याला उकळी आली तशी तिथून फस्सकन वाफ सुटली.

"अगं, मागून वाफ जातेय!" मालसुन ओरडली.

"जाऊ दे."

"कच्चा राहील ना!"

"माझा नव्हता राहिला?" ओक्बुनने कणकेचा गोळा मुठीत धरला. "तेव्हा वळी कुणी उकरली, ते या सगळ्यांना सांगा. मग बुजवते. उशीर करायचा तर करा. नातू तुमचा आहे."

"मला काय माहीत? काहीतरीच!"

बायका चुलीकडे सरकल्या. वाफ फसफसत होती.

"सासूबाई, माहीत असेल तर सांगून टाका ना!" सून रडकुंडीला आली.

"मी! मीच उकरली! बुजव आता, मेले!"

"कशाने?"

"अंगठ्याने!"

"दाखवा बघू सगळ्यांना."

मालसुनने दुभंगलेल्या नखाचा अंगठा वर केला. तेव्हा कुठे ओक्बुनने फट बुजवली.

त्तोक शुभ्र, लुसलुशीत उतरला. पहिला तुकडा तिने मालसुनच्या हातावर ठेवला.

"शिजलाय का, अक्का?"

"शिजलाय."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"शिजलाय गं, शिजलाय!"

सून ताटल्या वाटायला निघाली, तर ओक्बुनने त्या तिच्या हातून काढून घेतल्या. घरोघरी ती स्वतः गेली. आणि प्रत्येक दारात इतका वेळ बोलत उभी राहिली, की शेवटच्या घरांना त्तोक पार गार मिळाला. तक्रार मात्र एकानेही केली नाही.