जयवंतभाऊंचे कान आणि काशिनाथदादांची जीप

जयवंतभाऊंची आणि माझी ओळख झाली ती एका पंख्यामुळे. लग्न होऊन मी तलासरीला आले आणि सासऱ्यांनी लगेचच मला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसवले. समोरच्या गॅरेजातून एक उंच गृहस्थ आले. त्यांनी नमस्कार केला, छताकडे पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, पंख्याचं बेअरिंग गेलंय. त्याच्या खाली बसू नका." आणि सामान न घेताच परत गेले. नव्या सुनेची अशी चेष्टा करण्याची इथली रीत असावी, असे मला वाटले. त्याच आठवड्यात पंखा करकरून बंद पडला. तेव्हापासून भाऊ माझे शेजारी, गिऱ्हाईक आणि गुरू आहेत. त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त चार शब्द लिहिण्याचा हक्क मी या नात्याने मागून घेतला आहे.

भाऊंची कीर्ती त्यांच्या कानांवर उभी होती. गुजरात सीमेवरच्या अच्छाडच्या नाक्याकडून येणारी गाडी दिसण्याआधीच ते तिचा मालक आणि आजार दोन्ही सांगत. इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते; फट जितकी मोठी तितकी टकटक मोठी. इतर मेकॅनिक ती पट्टीने मोजतात. भाऊ मात्र इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, टकटक ऐकत स्क्रू फिरवत. त्या वेळी शेजारी कुणी शिंकले तरी त्याची खैर नसे.

तापट असले तरी भाऊ न्यायाला पक्के. काम करून दिलेली गाडी परत आली तर ते पेट्रोलला, रस्त्याला किंवा ड्रायव्हरला बोल लावत नसत. "आधी आपला हात तपासायचा, मग दुसऱ्याचा," हा त्यांचा नियम. माझ्यावर त्यांचे उपकार वेगळेच. नकली माल गळ्यात मारणारे एजंट नव्या बाईला गाठायला येत, तेव्हा भाऊ हातात मोठा पाना घेऊन काउंटरला टेकून उभे राहत. एजंटांची भाषा आपोआप सुधारे.

सत्तरीच्या आसपास भाऊंना कमी ऐकू येऊ लागले. हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होते, फक्त त्यांना सोडून. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? आम्ही सोपा मार्ग काढला आणि सगळेच मोठ्याने बोलू लागलो. एकदा भाऊ मला गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तलासरीची माणसं हल्ली फार ओरडतात. हायवेचा परिणाम." मी घसा ताणून म्हणाले, "हो ना, भाऊ."

अशात कैनाडचे काशिनाथदादा त्यांची जुनी पेट्रोल जीप घेऊन आले. मुलीचे लग्न तोंडावर आले होते आणि सासरी जाईन तर बाबांच्याच जीपमधून, असा तिचा हट्ट होता. भाऊंनी ठिणगीचे नवे प्लग, पॉइंट आणि वायरी घातल्या, टॅपेट लावले आणि जीप देऊन टाकली. दुसऱ्याच दिवशी ती परत आली. लग्नाच्या भाजीसाठी दादा वाणगावच्या बाजारात गेले आणि तिथेच सायलेन्सरमधून बार उडू लागले.

"भाऊ, लगीन अजून व्हायचा हाय, न् फटाके आतापासूनच वाजतात," दादा म्हणाले.

भाऊंनी इंजिन चालू केले आणि बॉनेटमध्ये डोके घातले. इंजिन तापले आणि असा काही बार झाला की चहावाल्याच्या हातून पेले पडले आणि रस्त्यावरचा कुत्रा थेट गुजरातच्या दिशेने पळाला. आम्ही सगळे दचकलो. भाऊ मात्र शांतपणे वायर चाचपत होते. वर पाहिल्यावर त्यांना आमचे चेहरे दिसले.

"काय झालं?"

"बार झाला, भाऊ," दादा म्हणाले.

"कधी?"

दादांनी खाली पडलेल्या पेल्यांकडे बोट दाखवले. भाऊंच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. कान गेले तर काम गेले, आणि कामाशिवाय त्यांना दुसरे काही येत नव्हते. आम्हीही गडबडलो आणि वाटेल ते सुचवू लागलो. कुणी म्हणाले पेट्रोलमध्ये भेसळ आहे, कुणी म्हणाले जीपला लिंबू-मिरची बांधा.

"गप्प बसा. या जीपला शेवटचा हात माझा लागलाय," भाऊ म्हणाले. त्यांनी प्रत्येक वायर बोटाने धरून प्लगपर्यंत नेली. क्रम बरोबर होता, ठिणगीही वेळेवर पडत होती. मग त्यांनी कागद मागितला. दादांच्या खिशात लग्नपत्रिकाच होती. भाऊंनी ती सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. खरे तर धुराने ती बाहेरच ढकलली जायला हवी होती. पण ती मधूनमधून आत ओढली जाऊन नळीला चिकटत होती.

"धूर सोडणारा एक व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. टॅपेट जास्त आवळलं गेलंय," भाऊ म्हणाले. मग पत्रिका दादांना परत देत म्हणाले, "मला टकटक ऐकूच येत नव्हती. दुसऱ्या कुणाला ऐकू येऊ नये म्हणून जास्तच आवळलं."

म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. भाऊ रस्ता ओलांडून दुकानात आले आणि म्हणाले, "वहिनी, फट मोजायची पट्टी द्या." ही पट्टी त्यांच्या गॅरेजात याआधी कधी गेली नव्हती. सवयीने मी ओरडले, "देते, भाऊ." ते म्हणाले, "ओरडा खुशाल. आता मला कारण कळलंय."

इंजिन थंड होईपर्यंत ते जीपजवळच बसून राहिले आणि मग त्यांनी सगळी टॅपेट पट्टीने मोजून लावली. नवरी जीपमधून निमूट सासरी गेली. वरातीत काहीच वाजेना म्हणून तिच्या मामांना फटाके विकत आणावे लागले.

आता भाऊ कानाला मशीन लावतात. गॅरेज चालू आहे. टॅपेट लावताना गाडीच्या मालकालाच बॉनेटशी उभे करून ते विचारतात, "आवाज येतो का? खरं सांगा." गौरव समारंभात भाषणे सुरू झाली की भाऊ मशीन काढून खिशात ठेवतील, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून मी बोलण्याऐवजी हे लिहून देते आहे.

भाऊ, त्या दिवशी तुम्ही शटर ओढून घरी गेला असतात, तर आम्ही हळहळलो असतो, पण तुम्हाला अडवले नसते. तुम्ही मात्र पट्टी मागायला आलात. मला तुमचा फार अभिमान वाटतो, आणि तो आजवर तोंडाने सांगता आला नाही. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. रोज सकाळी समोरचे शटर तुमच्याच हाताने वर जावो. त्याचा आवाज तुम्हाला आला नाही तरी चालेल, मी ऐकत असते.