वासुदेवरावांच्या बांधीत उतरलेला भाचा

उर्वशी दिघोरीत वायरमन म्हणून रुजू झाली, तेव्हा लोक तिला पोलखाली उभी पाहून विचारायचे, "बाई, माणूस कधी येते?" ती कमरेला झुल्याचा पट्टा बांधायची आणि पोलवर चढायची. सहा वर्षांत सारं गाव तिला 'वायरमनबाई' म्हणू लागलं. ती स्वभावाने हसरी होती, पण तारेच्या बाबतीत कोणाचं ऐकायची नाही.

त्या दिवशी गावात रोवणा जोरात होता. तलावाच्या पाळीखाली वासुदेवरावांच्या बांधीत बाया गाणी म्हणत धान रोवत होत्या. शेजारच्या डीपीवर उर्वशी उडालेला फ्यूज बसवत होती. एवढ्यात तलावावरून एक छोटं पांढरं विमान आलं. जवळच्या विमानशाळेतल्या शिकाऊ पोरांची विमानं रोज वरून जात, पण हे पार झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आलं होतं.

"बाप्पा! आतला पोट्टा हात हलवून राहिला!" एक बाई ओरडली.

उर्वशीची नजर मात्र विमानासमोरच्या अकरा केव्हीच्या तारांवर होती. ती ओरडेपर्यंत काड्‌कन आवाज झाला, निळा जाळ उठला आणि एक तार तुटून खाली आली. विमान डगमगलं, बांधीत पोटावर आपटलं आणि चिखल उडवत घसरत जाऊन नाक रुतवून थांबलं.

सारे तिकडे धावले. तारेचं टोक त्याच बांधीच्या पाण्यात पडलं होतं.

"थांबा! पाण्यात पाय टाकू नका!" उर्वशीने बांधीच्या कडेला, धुऱ्यावर पोचलेल्या वासुदेवरावांचा सदरा मागून धरला.

"सोड मले! तिथं जीव जाऊन राहिला अन् तू काहून अडवते?"

"तुमचा बी जाईन, काकाजी!"

एका हाताने सदरा धरून दुसऱ्या हाताने तिने सबस्टेशनला फोन लावला. तिथे जीवन नावाचा ऑपरेटर ड्यूटीवर होता.

"ताई, फीडर टिरिप झालं, आता वीज परत लावूनच राहिलो होतो," तो म्हणाला.

उर्वशी फोनवर ओरडली, "हात नको लावू! तार पाण्यात आहे. फीडर पुरतं तोड, अन् मी सांगेन तेव्हाच लाव."

फीडर तुटल्याचं जीवनने सांगितलं, तरी तिने हातमोजे चढवले, काठीने लाईनला अर्थिंग दिलं, आणि मगच चिखलात उतरली. विमानाचं दार वाकलं होतं. तिने ते ओढून उघडलं. आतला पोरगा कपाळाला हात लावून बसला होता. बोटांतून थोडं रक्त येत होतं.

"दुखते का रे कुठं?"

त्याने हळूच विचारलं, "मामाजी चिडले का?"

मागून आलेले वासुदेवराव वाकून पाहू लागले आणि जागीच थिजले. "अबे, हा तं आपल्या बहीणबाईचा चंद्रकुमार!"

उर्वशीने त्याला बाहेर उतरवलं, तोवर रुखमिणीमामी चिखल तुडवत आल्या. इकडे मामा-मामीनेच भाच्याच्या पाया पडायची रीत. त्यांनी आधी त्याच्या चिखलाने भरलेल्या बुटांना हात लावून नमस्कार केला, मग त्याच हाताने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "मामाले हात दाखवाले इमान घेऊन येते का रे कोणी?" असं म्हणत त्या रडूही लागल्या आणि हसूही लागल्या. मग बांधीभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने वासुदेवरावच हसत होते. आपलं रोवलेलं धान विमानाखाली गेलं, याची आठवण त्यांना दुसऱ्या दिवशी झाली.

चंद्रकुमारच्या कपाळाला चार टाके पडले. चौकशी झाली, सहा महिने त्याचं उडणं बंद झालं. तपासणारे येऊन गेल्यावर विमानाचे पंख सोडवून ते ट्रॉलीतून गेलं. उर्वशीने मात्र परवानगी मिळताच, अपघाताच्याच संध्याकाळी, चार जणांना घेऊन तार ओढली आणि गावाला वीज दिली.

दिवाळीत तो बसने आला. मामीच्या हातचे तांदळाचे धिरड्यासारखे आयते खाऊन उर्वशीकडे गेला आणि म्हणाला, "ताई, तार मले दिसलीच नाही."

"वरून दिसतच नाही ते," ती म्हणाली. "पोल पाहाचा. दोन पोल दिसले का मधात तार आहेच, असं समजाचं."

मग दोघं लाईनखालून पार तलावापर्यंत चालत गेले. तो प्रत्येक पोलची उंची विचारत होता, ती सांगत होती, आणि धुऱ्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्याला थांबवून विचारत होता, "काय भाचेसाहेब, आज पायदळ?"