कॉव्हेंट्रीत ग्रीक राजाला दहा पाउंड

युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स नको, प्राचीन ग्रीक शिकायचं आहे, असं आमच्या समतानं जाहीर केलं, तेव्हापासून बेसिंगस्टोकच्या घरात मिक्सर सोडून कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी नागपूरहून कोडिंगच्या जोरावर इथवर आलो. मेलेल्या भाषेवर कोणाचं घर चालल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शेवटी तिनंच तोडगा काढला. कॉव्हेंट्रीत ग्रीक महाकाव्याच्या पाठांतराचा कार्यक्रम होता आणि ती त्यात म्हणणार होती. "बाबा, एकदा ऐका. मग नो म्हणा." मी नो तयार ठेवूनच निघालो.

बरोबर माझे वडील, आबा. उन्हाळ्यापुरते नागपूरहून आलेले. तरुणपणी भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलक वाजवायचे.

बेसिंगस्टोकहून थेट ट्रेन मिळते. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. खिडकी कुठल्याही बाजूची घ्या, दोन्हीकडे मेंढ्याच आहेत. शनिवारी जाणार असाल तर रूळदुरुस्ती आहे का ते बघा. आम्ही बघितलं नाही, म्हणून शेवटचा टप्पा बसनं केला.

समता आबांना गोष्ट सांगत होती. "किंगचा सन वॉरमध्ये मेला. ज्यानं मारलं, तो बॉडी देत नाही. मग ओल्ड किंग एकटाच त्याच्या टेंटमध्ये जातो आणि त्याचे हात किस करतो."

"ज्या हातानं पोरगं मारलं, तेच?"

"हो, आबा."

आबांनी हातातली पोळी तशीच धरून ठेवली. "लय मोठा माणूस होता वं तो."

या विषयात नोकरी कुठे मिळते, असं मी विचारलं. दोघांनाही ऐकू आलं नाही.

कॉव्हेंट्रीत युद्धात बॉम्ब पडलेलं जुनं कॅथीड्रल बिनछपराचं तसंच ठेवलंय, ते जरूर बघा. कार्यक्रम जवळच्याच एका हॉलमध्ये होता. प्रवेश फुकट, चहा एक पाउंड, बिस्किटं तुमच्या सदसद्विवेकबुद्धीवर. श्रोते बहुतेक कार्डिगनमधले.

समता उभी राहिली. मला एक शब्द कळत नव्हता, पण आबांची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली. आणि ती अडकली. पुढची ओळ येईना. अडचणीच्या वेळी इंग्रज माणूस आपल्या बुटांकडे बघतो. अख्ख्या हॉलनं बघितलं. ज्याला नाही म्हणायला आलो होतो, त्यातच पोरगी हरताना मला बघवेना.

आबा उठले. मला वाटलं, टॉयलेटला निघाले. ते सरळ स्टेजपाशी गेले आणि दहाची नोट तिच्यापुढे धरली. गायन पार्टीत ही रीत असते: श्रोता नोट देतो, गायक त्याचं नाव पुकारतो आणि तीच ओळ पुन्हा गातो.

आयोजक बाई धावत आल्या. "सर, डोनेशन्स आर बाय द डोअर."

"थँक्यू," आबा म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

नागपूरच्या भीमजयंतीत समतानं हे लहानपणी पाहिलं होतं. तिनं नोट घेतली, माइकमध्ये म्हणाली, "आबांकडून दहा पाउंड, त्यांची आभारी आहे," आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला ती ओळ पार झाली. पुढे एका जागी तिचा आवाज खाली आला, तेव्हा राजा त्या हातांवर वाकला असणार. मी रडलो. चष्मा पुसून बघतो तर एक कार्डिगनवाल्या आजी पाचाची नोट घेऊन स्टेजसमोर उभ्या, मागे आणखी तिघं. रांग लावायला इंग्रजांना कारण लागत नाही.

काय उरलं म्हणाल, तर ग्रीकचा एकही शब्द नाही. त्या म्हाताऱ्या बापाचं वाकणं तेवढं उरलं. घरी आल्यावर समता किचनच्या दारात येऊन उभी राहिली.

"किती वर्षांचा कोर्स?" मी विचारलं.

"चार."

"चार वर्षं त्या एकाच राजावर?"

"नाही बाबा, बाकीचे पण मरतात."

"मग आधी वरणभात शिकून घे. तिथे कोण करून घालणार आहे?"

ती जिना चढत ओरडली, "आबा! बाबा यस म्हणाले!"