ढवळीचा थंड कान

बैल आणि माणूस यांच्यात काही फरक असतो, हे आमच्या मोठ्या मामांनी आयुष्यात कधी मान्य केलं नाही. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात, गुरांच्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म मलमपट्टी केली आणि हाताची सवय पेन्शनीतही सुटली नाही. पाहुणा दारात आला की नमस्काराआधी मामा त्याचा कान धरणार. गरम तर ताप, थंड तर ठणठणीत. माझ्या लग्नात कानपिळीला माझा भाऊ पुढे झाला, तर त्याच्याआधी मामांनीच नवरदेवाचा कान नीट चाचपला आणि "चालते" असं भर मांडवात जाहीर केलं. सासरे अजून ते विसरलेले नाहीत.

पुढे गावात ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि मामांना बोलवायला कोणी येईना. उरली एक मांजर. पांढरी, म्हणून नाव ढवळी. मामा अधूनमधून तिचे दात तपासत आणि पोळ्याला तिच्या गळ्यात गोंडा बांधत. तीही बिचारी बांधून घेई.

मागच्या वर्षी तिला बोका चावला. जखम वरून मिटली, आत पू धरला. मी गेले तेव्हा ढवळीने तीन दिवस दुधाला तोंड लावलं नव्हतं. मामांनी कान धरला. "थंडा हाय. नखरे करून रायली." एवढं म्हणाले खरे, पण ते स्वतःही जेवले नाहीत. मग मात्र माझं डोकं फिरलं. टोपलीत घातलं मांजर आणि मामांना ओढत दुपारच्या गाडीने अकोल्याचा जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई मामांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी थर्मामीटर लावून सांगितलं, की जखमेतले जंतू रक्तात पसरलेत. ताप येऊन गेला, आता अंगच गार पडत चाललंय. अशा वेळी मांजराचा थंड कान उलट जास्त वाईट. वाचेलच असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मामा टोपलीकडे बघत राहिले. "एकच पेशंट रायला होता माहा," ते म्हणाले, "अन् त्यालेच मी बरा समजलो."

या माणसाने चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सलाईन झाली, इंजेक्शनं झाली, उबेला गरम पाण्याच्या बाटल्या झाल्या. चौथ्या दिवशी ढवळीने बाईंना चांगलं बोचकारलं आणि मामांनी दवाखानाभर पेढे वाटले.

परवा गेले तर मामा थकलेले वाटले. ढवळी पायरीवर ऐसपैस पसरलेली. मामांनी सवयीने माझा कान धरला, पण लगेच काही जाहीर केलं नाही. धरूनच उभे राहिले.

"थंडा हाय," शेवटी म्हणाले. "बस, थर्मामीटर आणतो."

मला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. तरी मी मुकाट्याने ढवळीशेजारी बसून राहिले.